रोज चालता, मग खुर्चीतून उठताना हात का टेकता?

‘गुडघे गेले’ म्हणत उठणाऱ्या माणसाकडे एकदा नीट बघा. आधी खुर्चीच्या कडेला सरकणं, मग तळवे मांड्यांवर, एक झोका पुढे, आणि मग कुठे उठणं. गुडघा मुळीच दुखत नसला तरी हेच. तेव्हा कमी पडतो तो मांडीचा पुढचा स्नायू, बोल मात्र गुडघ्याला! यातले कित्येक जण रोज न चुकता तासभर चालणारे असतात.

चालणं हृदयाला चांगलं, रक्तातल्या साखरेला चांगलं, यात वाद नाही. पण चालताना मांडीतले सगळे तंतू कामाला लागतच नाहीत.

स्नायूतला तंतू आपल्या मर्जीने आकसत नाही. मेरुरज्जूतली एकेक चेतापेशी आपल्या ताब्यातल्या तंतूंना एकदम हुकूम सोडते. ती आणि तिचे तंतू मिळून एक मोटर युनिट. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एकीच्या हाताखाली जेमतेम दहाएक तंतू असतात, पायाच्या मोठ्या स्नायूंत हजारावर. लहान युनिटांचे तंतू संथ पण चिवट. मोठ्यांचे चपळ, जोरकस आणि लवकर दमणारे.

यांतलं आधी कोणाला उठवायचं, याची निवड मेंदू करत बसत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ एलवूड हेनेमन यांनी १९६५ साली दाखवलं की क्रम ठरलेला असतो: लहान आधी, मोठ्या शेवटी. कारण? शाळेतला ओहमचा नियम! लहान पेशीचं पृष्ठफळ कमी, म्हणून प्रवाह बाहेर झिरपायला वाटा कमी, म्हणजे रोध जास्त. रोध जास्त म्हणून तेवढ्याच प्रवाहात विभवांतर जास्त, आणि हुकूम सोडण्याचा उंबरठा ती आधी ओलांडते. मोठ्या पेशीला तिथवर न्यायचं तर वरून येणारी आज्ञा बरीच जोरकस लागते. सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना ती तशी कधी होतच नाही. मला या नियमाचं फार कौतुक आहे. एवढी शिस्त, आणि मुकादम कोणी नाही.

उतारवयात या चेतापेशी एकेक करून मरू लागतात. त्यांचे तंतू पोरके होतात. मग शेजारची एखादी, बऱ्याचदा संथ जातीची, चेतापेशी नवी फांदी फोडून त्यातल्या काहींना दत्तक घेते, आणि दत्तक गेलेला चपळ तंतू हळूहळू संथ होतो. तरुण स्नायूचा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर संथ आणि चपळ तंतू, एका जातीचे गडद, दुसरीचे फिके, पटावरच्या घरांसारखे मिसळलेले दिसतात. म्हाताऱ्या स्नायूत एकाच रंगाचे घोळके. ज्यांना कोणी घेत नाही ते सुकून जातात. ठेच लागली की तोल सावरायला सेकंदाचा एक तुकडा मिळतो, आणि नेमके चपळ तंतूच तेव्हा हजर नसतात.

गेलेली चेतापेशी परत येत नाही. पण उरलेल्या मोठ्या पेशींना हाक मारता येते. १९९० साली मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या १० जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं. एकाने मध्येच सोडलं. उरलेल्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या स्नायूचा आकार मात्र ९ टक्केच! मधली तफावत मुख्यतः चेतासंस्थेची. प्रयोग छोटा, तुलनेचा गट नाही, ही शंका रास्तच. पण त्याच गटाने १९९४ साली १०० जणांवर तुलनेसह प्रयोग केला, तेव्हाही ताकद ११३ टक्क्यांनी वाढली.

चुंबकाचे पट्टे आणि ‘तारुण्य परत’ आणणाऱ्या गोळ्या विकणाऱ्यांना एकच विचारावं: यातून त्या मोठ्या पेशीला हाक कशी पोचते? प्रथिनं लागतात, ती तरुणांपेक्षा थोडी जास्तच. पण नुसत्या प्रथिनांनीही ती पोचत नाही.

वजन असं हवं की आठ-दहा वेळा उचलताना शेवटचे दोन जड जावेत. श्वास रोखू नये. हृदयविकार असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आपण कुठे आहोत ते बघायचं असेल तर हाताची घडी छातीवर घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. १५ सेकंदांहून जास्त लागले तर युरोपातले तज्ज्ञ ते स्नायू कमजोर असल्याचं लक्षण मानतात. खुर्ची मात्र भिंतीला टेकवलेली हवी, आणि चाकांची नको.