१४ दिवसांची नोटीस आणि १५ दिवसांची नोटीस

निफाड, तासगाव किंवा बार्शीसारख्या, शेतमालाच्या बाजारावर जगणाऱ्या गावांत वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींचे पान फार बारकाईने वाचले जाते. जुना ट्रॅक्टर विकणे आहे, द्राक्षबागेवर राहण्यासाठी जोडपे पाहिजे, रस्त्यालगतची दोन एकर बागायत विकणे आहे, एजंट क्षमस्व. ही भाषा सर्वांना पाठ असते आणि तिच्यातील अतिशयोक्ती किती वजा करायची, हेही सर्वांना ठाऊक असते. ‘पाणी मुबलक’ असे वाचले की विहीर एप्रिलमध्ये पाहून यावी, इतके शहाणपण बाजारात वावरणाऱ्या कोणाही माणसाला शिकवावे लागत नाही.

त्याच पानावर, त्याच बारीक टाइपात आणि त्याच दराच्या चौकटीत आणखी एक मजकूर येतो. ‘तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की’ अशी त्याची सुरुवात असते. पुढे मौजे, तालुका, गट नंबर, क्षेत्र, आकार आणि चतुःसीमा असतात आणि अखेरीस असे बजावलेले असते, की सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध, गहाण, बोजा, वहिवाट असल्यास त्याने १४ दिवसांच्या आत कागदपत्रांसह हरकत कळवावी, अन्यथा कोणाचाही काहीएक हक्क नाही व असल्यास तो सोडून दिला आहे असे समजून आमचे अशील व्यवहार पूर्ण करतील. दुसरीकडे, जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची नोंद घेताना तलाठी एक नोटीस काढतो आणि तिच्यात हरकतीसाठी १५ दिवस दिलेले असतात. एका दिवसाच्या फरकाच्या या दोन नोटिसांची गल्लत वर्षानुवर्षे चालू आहे. पहिली नोटीस वाचून लोक घाबरतात किंवा निर्धास्त होतात, आणि दुसरी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून विसरतात. दोन्ही ठिकाणी याच्या नेमके उलट वागायला हवे.

वरवरचे फरक फार महत्त्वाचे नाहीत. पहिली नोटीस वकील देतो, दुसरी महसूल खाते. पहिली सहसा खरेदीपूर्वी येते, दुसरी खरेदीखत नोंदवल्यानंतर. पहिलीचे पैसे बहुधा खरेदीदार भरतो. एवढे ध्यानात राहिले नाही तरी नुकसान होत नाही.

नुकसान होते ते गप्प बसण्याचा अर्थ न समजल्यामुळे. वर्तमानपत्रातील नोटिशीत ‘हक्क सोडून दिला असे समजून’ असे छापलेले असते, आणि छापलेले म्हणजे कायद्याने ठरलेले, अशी आपल्याकडे समजूत आहे. वकिलाने आपल्या अशिलासाठी दिलेली ही खासगी नोटीस आहे. तिला उत्तर न दिल्यास अमुक दिवसांनी हक्क संपेल, असे सांगणारा कायदा नाही. १४ हा आकडाही वकिलाने निवडलेला असतो; कोणी ७ लिहितो, कोणी २१. हक्क मागण्याची मुदत १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने ठरते. मालकीच्या आधारे ताबा मागण्याचा दावा, समोरच्याचा ताबा प्रतिकूल झाल्यापासून १२ वर्षांत लावता येतो. दस्त रद्द करून मागायचा तर, ज्या गोष्टींमुळे तो रद्द होऊ शकतो त्या कळल्यापासून ३ वर्षे मिळतात. ज्या बहिणीचा वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा आहे, तिने एखाद्या मंगळवारचे वर्तमानपत्र वाचले नाही म्हणून तो हिस्सा नाहीसा होत नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार, ठरली. ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. अर्थात २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले विक्री-वाटपाचे व्यवहार त्या दुरुस्तीने उलटवता येत नाहीत. यातील एकही तारीख कोणत्याही वकिलाच्या १४ दिवसांनी मागेपुढे सरकत नाही.

मग ही नोटीस देतात कशासाठी? खरेदीदाराला पुढे कधी न्यायालयात उभे राहावे लागले, तर ‘मी वाजवी चौकशी केली होती आणि सद्भावनेने पैसे मोजले होते’ असे त्याला म्हणता यावे, यासाठी. नोटीस हा त्या चौकशीचा एक पुरावा आहे, तोही एकटा पुरेसा नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नोंदणीकृत दस्ताची माहिती खरेदीदाराला आहे असे धरले जाते, आणि जमीन प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात असेल त्याच्या हक्काचीही. म्हणजे जुन्या दस्तांचा तीस वर्षांचा शोध घेतला नाही, सूची दोन हा नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा पाहिला नाही, बांधावर जाऊन ‘हे कोण कसतंय’ असे विचारलेही नाही, तर वर्तमानपत्रात अर्धे पान भरून नोटीस दिली तरी सद्भावना सिद्ध होत नाही. वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना विकली जात असेल, तर तो दोष कितीही नोटिसा छापून भरून निघणार नाही. ‘नोटीस येऊन महिना झाला भाऊ, कोणी आलं नाही, टायटल क्लिअर आहे,’ असे सांगणारा दलाल जी गोष्ट विकतो आहे, ती त्याच्या हातात नसते.

या नोटिशीला खरी धार एका ठिकाणी येते, आणि नेमके तेथेच लोक आळस करतात. समजा, एखाद्याने जमिनीचा सौदा ठरवून इसार दिला आहे, पण इसारपावती नोटरीपुरतीच राहिली, नोंदणी झाली नाही. नंतर मूळ मालकाने तीच जमीन चढ्या भावाने दुसऱ्याला विकायला काढली आणि त्या दुसऱ्याने नोटीस दिली. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, आधीच्या कराराची माहिती नसताना सद्भावनेने पैसे मोजून जमीन घेणाऱ्या नंतरच्या खरेदीदाराला संरक्षण मिळते. करार नोंदणीकृत असता, तर त्याची माहिती नव्हती असे म्हणणे खरेदीदाराला जड गेले असते. बिननोंदणीच्या इसारपावतीला ती सोय नाही. अशा माणसाने त्या नोटिशीला उत्तर दिलेच पाहिजे. पावतीची प्रत जोडून, पोहोच मिळेल अशा टपालाने वकिलाकडे हरकत पाठवली, की ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव खरेदीदाराला उरत नाही. हक्क गमावण्याच्या भीतीने हरकत द्यायची नसते. समोरच्याचे अज्ञान संपवण्यासाठी ती द्यायची असते. ज्याने नोटीस वाचली, तरी समोरचा पैसे मोजत असताना आणि विहीर खणत असताना जो मुद्दाम स्वस्थ बसला, त्याचे ते बसणे पुढे त्याच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

हरकत दिली की व्यवहार थांबतो, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. ती हरकत वकिलाच्या फायलीत राहते. दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या टेबलावर ती पोहोचत नाही आणि मालकी कोणाची, याचा निवाडा करणे हे त्याचे कामही नाही. खरेदीखत थांबवायचे असेल, तर दिवाणी न्यायालयात दावा लावून मनाई हुकूम मिळवावा लागतो.

आता तलाठ्याच्या नोटिशीकडे वळू. पदाचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी असे झाले असले, तरी गावात त्याला अजून तलाठीच म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद घेतल्यावर तिची प्रत चावडीवर लावायची असते आणि संबंधितांना लेखी कळवायचे असते. १५ दिवसांत हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. येथे गप्प बसण्याचा परिणाम सरकारी दप्तरात उमटतो. सातबाऱ्यावरील नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आले आहे, आणि ते बरोबरच आहे. मात्र कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीरपणे बदलेपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे जे सिद्ध करण्याचे ओझे काल समोरच्यावर होते, ते आज तुमच्यावर येते. त्याच सातबाऱ्यावर सोसायटी पीककर्ज देते, बँक बोजा चढवते आणि तोच उतारा दाखवून पुढचा खरेदीदार गाठला जातो. बांधावरचे भांडण मालकी हक्काचे असते, पण गावातील सारा व्यवहार उताऱ्यावर चालतो.

याउलट, मुदतीत लेखी तक्रार दिली, तर तलाठ्याला ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावी लागते आणि पोचही द्यावी लागते. नोंद ताबडतोब प्रमाणित न होता तक्रारी प्रकरण चालते आणि दोन्ही बाजू ऐकल्या जातात. वकिलाकडे दहा पानी हरकत पाठवून जे होत नाही, ते येथे साध्या कागदावरील एका अर्जाने होते. मुदत हुकली तर प्रांताधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्यासाठी ६० दिवस असतात. त्यापुढे गेल्यास आधी विलंब माफ करून घ्यावा लागतो.

महसुली व्यवस्थेतील एक उणीव मात्र झाकण्याजोगी नाही. लेखी नोटीस मुख्यतः अभिलेखात ज्यांची नावे आहेत त्यांना जाते. वारस नोंदीच्या वेळी जिचे नाव लावलेच नाही, त्या लेकीला ती येत नाही. आणखी कोणाचे हितसंबंध आहेत असे तलाठ्याला वाटले, तर त्यालाही कळवावे, असे कायदा सांगतो. पण भावांनीच सांगितले नाही, तर तलाठ्याला वाटणार कसे? सासरी गेलेल्या बहिणीसाठी खरा उपाय ‘आपली चावडी’ हा आहे. महाभूमी या राज्याच्या भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका व गाव निवडले, की चालू फेरफारांची यादी आणि प्रत्येक नोंदीवर हरकतीची अंतिम तारीख दिसते. पुण्यात किंवा सुरतेत राहून नाशिक आवृत्तीतील बारीक टाइप शोधत बसण्यापेक्षा महिन्यातून दोनदा ही यादी पाहणे केव्हाही श्रेयस्कर.

वर्तमानपत्राविषयी आणखी एक तक्रार आहे. गावात ज्याचा अंक कोणी पाहिलेला नाही, अशा एखाद्या पत्रात मुद्दाम नोटीस छापायची आणि कात्रण तेवढे फायलीला लावायचे, हा प्रकार सर्रास चालतो. माझ्या मते असे कात्रण चौकशीच्या पुराव्यापेक्षा चौकशी टाळल्याचाच पुरावा अधिक असते, आणि प्रामाणिक खरेदीदाराने त्यावर पैसे घालवू नयेत. ज्या तालुक्यात जमीन आहे, तेथे खरोखर खपणाऱ्या पत्रात नोटीस द्यावी आणि गट नंबर दोनदा तपासावा. चुकीच्या गट नंबराच्या नोटिशीचा उपयोग शून्य.

त्या पानावरील प्रत्येक चौकट मात्र खासगी नसते. न्यायालयाचे नाव, दाव्याचा किंवा अर्जाचा क्रमांक, हजर राहण्याची तारीख आणि शिक्का असेल, तर तो समन्स किंवा वारस दाखल्याचा जाहीरनामा असतो. न्यायालयाच्या आदेशाने वर्तमानपत्रातून बजावलेले समन्स हे प्रत्यक्ष हातात दिल्यासारखेच धरले जाते आणि गैरहजर राहिल्यास दावा एकतर्फी चालतो. बँकेची ताबा नोटीसही कायद्याने आवश्यक असते. कर्जवसुलीच्या २००२ च्या सरफेसी कायद्यात ती दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, मात्र शेतजमिनीवरील तारणाला तो कायदा लागू नाही. म्हणून चौकट दिसताच आधी तळाची सही वाचावी. तेथे ‘ॲडव्होकेट’ असेल, तर सावकाश बसून कागद जुळवायला वेळ आहे. न्यायालय असेल, तर त्याच दिवशी वकील गाठावा. आणि तलाठ्याचा कागद घरी आला, तर १५ दिवस कोणत्या तारखेला संपतात ते त्यावर लिहून ठेवावे, तक्रार अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.