सिझर घरी का होत नाही आणि नंतरचं सगळं घरीच का होतं

आमच्या मोठ्या आईचं एक ठरलेलं वाक्य आहे, "आमच्या वेळी दाईच सारं करे वं, आता पोट फाडल्याबिगर लेकरूच होत नाही." मागच्या वर्षी वहिनीचं सिझर झालं तेव्हा ती परत तेच म्हणाली, तर चुलतभाऊ म्हणतो, मग दाईलाच सिझर शिकवायचं ना, तालुक्याच्या चकरा तरी वाचतील! सगळे हसले. पण प्रश्न काही येडपट नाही.

कारण दवाखान्याबाहेर गावच्या वैदूनं सिझर करणं खरंच झालेलं आहे. १८७९ मध्ये आताच्या युगांडात रॉबर्ट फेल्किन नावाच्या इंग्रज मिशनऱ्यानं असं तिथल्या वैदूनं केलेलं सिझर डोळ्यांनी बघून लिहून ठेवलं. बाईला केळीची दारू पाजली, त्याच दारूनं हात अन् पोट धुतलं, रक्त थांबवायला तापल्या लोखंडानं डागलं, जखमेत सात लोखंडी सळया टोचून त्यांना दोरा गुंडाळून ती बंद केली आणि वरून झाडाच्या मुळ्या वाटून लेप. आई आणि बाळ दोघंही वाचले. म्हणजे भूल, सफाई, रक्त थांबवणं, तिन्हीचा विचार त्या लोकांनी केला होता, तेव्हा युरोपात सिझर झालेल्या बहुतेक बाया मरत होत्या.

तरी दाईला का नाही जमणार? कापणं हा यातला सोपा भाग आहे म्हणून. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त वाहतं, अंगात सगळं मिळून पाच-सहा लिटर. वार निघाल्यावर गर्भाशय मुठीसारखं आवळतं आणि शिरा दाबून धरतं. नाही आवळलं तर काही मिनिटांतच बाई पांढरीफटक पडते. तेव्हा गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन पाहिजे, रक्ताची पिशवी पाहिजे, भूलतज्ज्ञ पाहिजे आणि न रडणाऱ्या बाळाला श्वास देणारं कोणीतरी पाहिजे. आपल्याकडे खरी अडचण इथंच येते, कितीतरी ठिकाणी टेबल आहे, लाइट आहे, पण भूलतज्ज्ञ नाही, मग "रेफर" लिहून चिठ्ठी हातात. वहिनीलाही असंच एका जागेवरून दुसरीकडे पाठवलं, आणि त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीतला कोणी बोलत नव्हता.

मोठी आई अर्धी बरोबर आहे हेही सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात सरकारी दवाखान्यात १४ टक्क्यांच्या आसपास सिझर, खासगीत ४७. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की एकूण प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं म्हणून आई-बाळांचे मृत्यू आणखी कमी होतात असं दिसत नाही. म्हणजे इकडे गरज नसताना सिझर होतं, अन् तिकडे गरज असून मिळत नाही.

बरं, सुट्टी झाली की पुढचं सारं घरावरच. बाळंतीण म्हणून बाज, खाली शेगडी, पाणी कमी, डिंकाचे लाडू. पण हिच्या पोटाला थरावर थर टाके आहेत, ही ऑपरेशनची पेशंटसुद्धा आहे! लाडू खुशाल खाऊ द्या, पाणी मात्र तोडू नका, त्यानं शौचाला कडक होते आणि जोर लावताना टाके ओढतात. जखम कोरडी ठेवा, हळद-राख काही लावू नका. वहिनी पहिले आठ दिवस बाजेवरून उठताना आधी कुशीवर वळायची, एक हात टाक्यांवर दाबून धरायची, मग पाय खाली. थोडं चालणंही पाहिजे, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांना दारातूनच चहा पाजून पाठवू नका, जखम दाखवा. ताप, घाण वास, तासाभरात पॅड भिजणं, एकच पाय सुजणं, डोकं फुटेस्तोवर दुखून अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता १०८ लावा. पहिले काही दिवस रडू येणं चालतं. दोन आठवडे उलटले तरी थांबत नसेल तर "बाहेरचं झालं" म्हणून लिंबू उतरवत बसू नका, १४४१६ वर फोन करा, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस ही सरकारची फुकट फोन सेवा आहे.

आणि डिस्चार्ज कार्ड सांभाळा. गर्भाशयावरचा व्रण पुढच्या वेळी कळांमध्ये फाटू शकतो, साधारण दोनशेत एखादीला, म्हणून पुढची डिलिव्हरी ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यातच. आमच्या घरी ते कार्ड मोठ्या आईकडे आहे, सातबाऱ्याच्या पिशवीत, आणि ती कोणाला हात लावू देत नाही.