ट्रकची झडती झाली, गाडी जप्त झाली: चालकाने तिथेच काय मागायचं आणि मालकाने अर्ज कुठे करायचा

माझ्यासमोर आलेल्या एका पंचनाम्यात गाडीचं वर्णन एवढंच होतं: 'एक दहाचाकी ट्रक, मालासह.' चेसिस नंबर नाही, टायर किती, स्टेपनी आहे का, बॅटऱ्या किती, टाकीत डिझेल किती, काहीच नाही. चार महिन्यांनी गाडी सुटली तेव्हा स्टेपनी आणि एक बॅटरी गायब होती. त्या गाडीवर होत्या, हे दाखवायला मालकाकडे एकही कागद नव्हता. म्हणून सुरुवात कोर्टापासून न करता रस्त्यापासून करतो. गाडी किती लवकर आणि कशा अवस्थेत परत येणार, ते बऱ्याच अंशी पहिल्या तासात लिहिल्या गेलेल्या कागदावर ठरतं.

हात दाखवला की गाडी कडेला घ्यायची. गणवेशातल्या पोलिसाने लायसन्स मागितलं तर दाखवणं मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० प्रमाणे बंधनकारक आहे. आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी हे कागद केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ खाली मोबाइलवरही दाखवता येतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले चालतात. जवळ नसतील तर १५ दिवसांत सादर करण्याची सोय त्याच नियमात आहे. लायसन्स ठेवून घेतलं तर कलम २०६ प्रमाणे पोच मिळाली पाहिजे, आणि त्या पोचवर गाडी चालवता येते. पोच न घेता लायसन्स सोडून पुढे जाऊ नका.

ओव्हरलोडचा संशय असेल तर अधिकार मिळालेला अधिकारी गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो. मात्र तो काटा पुढच्या वाटेवरच्या कुठल्याही ठिकाणापासून १० किलोमीटरच्या आत, किंवा माल उतरायच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असला पाहिजे (कलम ११४). वजनाला नकार दिला किंवा आधीच माल उतरवला तर दंड ४०,००० रुपये आहे, तेव्हा इथे वाद घालू नका. काटापावती मात्र मागून घ्या.

आता झडती. वॉरंट नसेल तर झडती बेकायदा, असं अनेक चालक धरून चालतात. तसं नाही. चोरीचा माल किंवा गुन्ह्याचा संशय येईल अशा परिस्थितीत मिळालेली वस्तू पोलीस वॉरंटशिवाय ताब्यात घेऊ शकतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६), आणि त्याचा अहवाल त्यांना न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. अंमली पदार्थांच्या कायद्याबाबतही असाच गैरसमज आहे. राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा कलम ५० चा हक्क अंगझडतीपुरता आहे. केबिन, पिशवी किंवा गाडीच्या हौद्याला तो लागू होत नाही.

मग चालकाच्या हातात काय राहतं? बरंच काही राहतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ सांगतं की वस्तू ताब्यात घेण्याची सगळी प्रक्रिया, जप्तीची यादी आणि पंचांच्या सह्यांसकट, व्हिडिओवर टिपली पाहिजे. त्यासाठी मोबाइल चालतो, आणि ते चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं. कलम १०३ च्या झडतीत परिसरातले दोन तटस्थ पंच, जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला हजर राहण्याची मुभा आणि सह्या झालेल्या यादीची प्रत, हे तिन्ही येतं. म्हणून शांतपणे म्हणा: "साहेब, व्हिडिओ चालू आहे ना? यादीत स्टेपनी, बॅटऱ्या, ताडपत्री, दोर, जॅक आणि मीटरचं रीडिंग घ्या, आणि मला एक प्रत द्या." आवाज न चढवता हे बोलता येतं, आणि माझ्या अनुभवात बहुतेक अधिकारी ते लिहूनही घेतात.

कोऱ्या कागदावर सही कधीच करू नका. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, असं कलम १८१ सांगतं. स्वतः गुन्ह्यात अडकाल अशा प्रश्नाचं उत्तर देण्याची सक्ती नाही. अटक झालीच तर अटकेचं कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटू देणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक लावा. ही सोय खरोखर वापरा, ती तुमच्यासाठीच आहे.

गाडी जप्त झाल्यावर पहिला प्रश्न: कुठल्या कायद्याखाली? इथे चूक झाली की महिना वाया जातो. परमिट किंवा नोंदणी नसल्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली गाडी अडकवली असेल, तर कागद घेऊन परिवहन विभागाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. ई-वे बिलाचा, म्हणजे माल वाहतुकीसाठी जीएसटीखाली लागणाऱ्या ऑनलाइन बिलाचा मामला असेल तर तो जीएसटी अधिकाऱ्याचा. त्यात तपासणी अहवालाचा पहिला भाग २४ तासांत आणि अंतिम भाग ३ दिवसांत त्या अधिकाऱ्याने ऑनलाइन भरायचा असतो. दंड किंवा १ लाख रुपये, यातली कमी रक्कम वाहतूकदाराने भरली की गाडी सुटते, मालाचा वाद पुढे चालू राहिला तरी. महाराष्ट्रात वाळू-मुरुमासाठी महसूल अधिकाऱ्यांनी पकडली असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ४८, म्हणजे महसूल कार्यालय.

गुन्हा दाखल होऊन गाडी मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा झाली असेल, तर त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्दनाम्याचा, म्हणजे खटला संपेपर्यंत गाडी ताब्यात मिळण्याचा अर्ज द्यायचा. नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४९७ आणि ५०३. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४५१ आणि ४५७. अंमली पदार्थाच्या गुन्ह्यात विशेष न्यायालयाकडे जावं लागतं. अशा प्रकरणातही खटला संपेपर्यंत गाडी सोडण्यावर सरसकट बंदी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये विश्वजित डे विरुद्ध आसाम राज्य या निकालात सांगितलं. तो वाद ट्रकचाच होता.

अर्ज कोण करू शकतो? आरसीवर ज्याचं नाव आहे तो मालक. चालकाने स्वतःच्या नावाने केलेला अर्ज सहसा टिकत नाही. मालक येऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्र द्यावं. गाडी विकली पण नाव बदललं नाही, हे प्रकरण सगळ्यात जास्त रखडतं. गाडीतला माल दुसऱ्याचा असेल तर त्याने वेगळा अर्ज करायचा.

अर्जाला जोडायचं ते असं: आरसी, विमा, परमिट, फिटनेस, पीयूसी, मालकाचं ओळखपत्र, फिर्यादीची आणि जप्ती पंचनाम्याची प्रत, चालकाचं लायसन्स, बिल्टी (वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती), मालाचं बिल, ई-वे बिल, कर्ज असेल तर हप्त्याचं पत्रक, शिवाय प्रतिज्ञापत्र आणि वकीलपत्र. झेरॉक्ससोबत मूळ कागद पडताळणीला न्या. अर्जात एक वाक्य ठळक असू द्या: माल कुठून, कोणाचा, कोणत्या बिल्टीवर भरला. मालकाला गुन्ह्याची कल्पना नव्हती, हे त्या कागदांनीच दिसतं.

न्यायालय तपासी अंमलदाराचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. ते येत नाही म्हणून तारखा पडतात. तेव्हा सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा २००२ चा निकाल दाखवा. जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ पडून राहू देण्यात काही उपयोग नाही, बंधपत्र आणि हमी घेऊन ती ताबडतोब सोडावीत, असं त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. नव्या कलम ४९७ मध्ये तर मुदतच घातली आहे: मालमत्ता समोर आल्यापासून १४ दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचे, आणि त्यानंतर ३० दिवसांत आदेश द्यायचा.

आदेशात साधारणपणे बंधपत्र, जामीनदार, गाडी न विकण्याची, रंगरूप न बदलण्याची आणि बोलावल्यावर हजर करण्याची अट असते. आदेशाची प्रत घेऊन ठाण्यात जाताना पंचनाम्याची यादी आणि मिस्त्री दोन्ही सोबत न्या. यादीतली एकेक वस्तू बघा, इंजिन चालू करा, मीटर वाचा. काही कमी असेल तर ताबापावतीवर तसं स्वतःच्या हाताने लिहा आणि मगच सही करा.