शेतातल्या रेघा दागिन्यात कशा आल्या

इंग्लंडच्या जुन्या शेतशिवारावरून केलेला चांदीचा ब्रोच (कपड्याला लावायची शोभेची पिन) बघितला की बऱ्याच जणांना ते नुसतं ॲबस्ट्रॅक्ट डिझाईन वाटतं, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक रेघ कुणाच्या तरी कष्टाची आहे, आणि मला तरी तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मध्ययुगात तिथे लांबलांब पट्ट्यांनी शेती चालायची. नांगर वर्षानुवर्षं माती पट्ट्याच्या मधोमध पलटत राहायचा, त्यातून मोठाले सरी-वरंबे तयार झाले, आणि बैलांची रांग लांब असल्यामुळे टोकाशी वळायला आधीपासूनच तिरकं घ्यावं लागायचं म्हणून हे वरंबे उलट्या एस अक्षरासारखे बाकदार आहेत. पुढे बऱ्याच जमिनी मेंढ्यांच्या कुरणात गेल्या, नांगर फिरलाच नाही, म्हणून ते टिकले. मग साधारण 1750 ते 1850 मध्ये पार्लमेंटच्या कायद्यांनी सामायिक जमिनी बंदिस्त झाल्या, म्हणजे कुंपण घालून खासगी झाल्या, आणि त्याच बाकदार वरंब्यांवरून सरळसोट कुंपणं गेली. लहानमोठ्या शेतकऱ्यांचे चराईचे हक्क त्यात गेले, हे विसरून चालणार नाही. हे सगळं वरून नीट दिसायला विमान यावं लागलं, 1924 मध्ये क्रॉफर्ड आणि कीलर या पुरातत्त्वज्ञांनी दक्षिण इंग्लंडची हवाई पाहणी केली तेव्हा सावल्यांमधून जुनी शेतं उमटलेली दिसली.

दागिन्यांकडे बघायचं तर 1902 मध्ये डिझायनर ॲशबी यांनी आपलं गिल्ड, म्हणजे हस्तकारागिरांचा संघ, लंडनहून चिपिंग कॅम्पडनला, म्हणजे ग्रामीण भागातच हलवलं. गिल्ड 1908 च्या सुमारास बंद पडलं, पण हातकामाचा आग्रह मागे राहिला. तरी तेव्हा भर पानाफुलांवरच होता. 1960 च्या दशकात लंडनचे दागिने डिझायनर अँड्र्यू ग्रिमा यांनी झाडाची साल, दगडफूल यांचे पोत थेट सोन्यात ओतले आणि खडबडीत पृष्ठभागच दागिना झाला, माझ्या मते खरी वाट तिथे मोकळी झाली.

आज वरंब्यांसाठी रेटिक्युलेशन फार वापरतात. तांबं मिसळलेल्या चांदीचा पत्रा पुन्हापुन्हा तापवून आम्लात टाकायचा, वरच्या थरातलं तांबं निघून जातं, तिथे शुद्ध चांदी उरते, मग टॉर्चची ज्योत जोरात मारली की आतला मिश्रधातू आधी वितळतो आणि थंड होताना वरची कातडी आक्रसून सुरकुत्या पडतात. त्या कुठे पडतील ते पूर्ण हातात नसतं, म्हणून कुंपणाच्या सरळ रेघा तारेने वेगळ्या जोडाव्या लागतात.