गिरिपुष्प : बांधावरच्या झाडाची पार्श्वभूमी

फेब्रुवारीत कोकणातल्या बांधांवर पानं झडलेल्या, फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांनी मढलेल्या फांद्या दिसतात, तो गिरिपुष्प म्हणजेच ग्लिरिसिडिया. झाड इतकं अंगवळणी पडलंय की ते इथलं नाही, हे मुद्दाम सांगावं लागतं. त्याचा मुलूख मेक्सिको आणि मध्य अमेरिका.

तिथे ते कोकोच्या बागेत सावलीसाठी लावत. स्पॅनिशमध्ये म्हणूनच त्याला 'मादरे दे काकाओ', कोकोची आई म्हणतात. जॅकिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६० मध्ये दिलेल्या 'सेपियम' या नावाचा अर्थ 'कुंपणाचं'. 'ग्लिरिसिडिया'चा अर्थ उंदीर मारणारं, आणि आपल्याकडचं 'उंदीरमारी' तेच सांगतं. पाला किंवा साल कुटून शिजवलेल्या धान्यात आंबवली, की तिच्यातल्या कुमारिनपासून डायकुमारॉल तयार होतं. ते खाल्लेल्या उंदराचं रक्त गोठत नाही आणि तो आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो.

स्पॅनिशांनी हे झाड पॅसिफिकपार फिलिपिन्सला नेलं. तिथलं 'काकावाते' हे नाव अजून कोकोचीच आठवण ठेवतं. श्रीलंकेत ते चहाच्या मळ्यांत सावलीला आलं, आणि आता चहा, रबर, नारळ यांच्यानंतरचं चौथं मळ्याचं पीक म्हणून तिथे त्याला मान्यता आहे. १९८०च्या दशकात सिलिड किडीने आशियाभर सुबाभळीचा पाला फस्त केला, तेव्हा पर्याय म्हणून याच्याकडे नव्याने लक्ष गेलं. ऑक्सफर्डच्या वनसंशोधकांनी मूळ प्रदेशातून गोळा केलेल्या बियाण्यांत ग्वाटेमालाचं रेतालुलेउ वाण अनेक देशांतल्या चाचण्यांत सरस ठरलं.

महाराष्ट्रात त्याचा खरा कस लागला तो भातात. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीत खत म्हणून गुंठ्याला सुमारे ३० किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला, म्हणजे हेक्टरी ३ टन, हे एक सूत्रच आहे. लावणीच्या आठवडाभर आधी फांद्या खाचरात पसरायच्या, पानं गळली की काटक्या वेचून काढायच्या आणि चिखलणी करायची. पाला कोवळा असल्याने दोन-तीन आठवड्यांतच निम्म्याहून अधिक कुजतो. म्हणून तो फार आधी टाकून ठेवला, तर नत्र पिकाच्या मुळांपर्यंत पोचण्याआधीच उडून किंवा वाहून जातं. कोरडवाहू शेतीसाठी इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेचा हिशेब असा, की ७०० मीटर बांधावरची झाडं वर्षाला हेक्टरी सुमारे ३० किलो नत्र देतात.

सामाजिक वनीकरणात मात्र ते पुण्यासारख्या शहरांच्या टेकड्यांवरही लागलं, आणि ती चूकच होती. गुरं खात नाहीत, पाणी लागत नाही, लवकर हिरवं होतं, म्हणून सोयीचं वाटलं. पण छाटणारं कुणी नाही म्हणजे दाट सावली, शेंगा तडकून उसळणारं बी आणि खाली देशी गवताला, झुडपांना जागा नाही. हे झाड कोयत्याच्या धाकातच उपयोगी.

लागवड दोन तऱ्हांनी होते. कुंपणासाठी दीड-दोन मीटर लांब, मनगटाएवढ्या जाड, पिकलेल्या फांद्यांचे खुंट पावसाच्या तोंडावर लावतात. खालचं टोक तिरकं कापायचं, साल सोलवटू द्यायची नाही आणि ३० ते ५० सेंटिमीटर गाडायचं. उलटा लागलेला खुंट रुजत नाही. पाणी साचणाऱ्या जागी तो कुजतो. खुंटाला सोटमूळ नसतं. वाऱ्याच्या, उथळ मुरमाच्या जागी म्हणूनच बियांची रोपं बरी. बी रात्रभर भिजवलं की पुरतं, उकळत्या पाण्याची गरज नाही.

वर्षाच्या आत पहिली छाटणी करू नये, मुळं कमजोर राहतात. पुढे ७५ सेंटिमीटर ते १ मीटर उंचीवर वर्षातून तीनदा छाटावं. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तर पानं काळी पडून गळतात; छाटणीने बहुधा आटोक्यात येतो.

चाऱ्याला घाई नको. वासामुळे गाई-शेळ्या आधी तोंड फिरवतात. पाला रात्रभर सुकवून, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून, एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच द्यावा. घोड्यांना मात्र देऊ नये, त्यांना तो विषारी ठरतो.