गाण्याचे शब्द छपाईला पाठवताना: अक्षरं कशी तोडावीत

स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच आडव्या रेषांवर सूर लिहिण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीत, प्रत्येक अक्षर आपल्या सुराखाली बसावं लागतं आणि एकाच शब्दाची अक्षरं आडव्या रेघेनं जोडावी लागतात. ती रेघ सुटली तर ‘नमन’ पानावर ‘न मन’ दिसतं, आणि पान पहिल्यांदाच हातात आलेला गायक तसंच तोडून म्हणतो. तोड कुठे करायची हे संगणक ठरवू शकत नाही. ‘मंगल’ दोन सुरांवर असेल तर मं, गल. तीन सुरांवर असेल तर मं, ग, ल. चाल तुम्हाला ठाऊक, म्हणून तोडही तुम्हीच करून पाठवा.

खूण कोणती? एबीसी पद्धतीत (यात सूर इंग्रजी अक्षरांनी लिहितात) अक्षरांमध्ये एकच रेघ देतात. म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघेची कळ दाबली की पुढचं अक्षर पुढच्या सुराखाली लिहिता येतं. दोन्ही टाइप करायला सोपं आहे. तरीही आम्ही लिलीपॉन्ड या स्वरलिपी छापण्याच्या सॉफ्टवेअरची पद्धत मागतो: दोन रेघा, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून. ‘आई-वडील’, ‘ऊन-पाऊस’ अशा शब्दांत रेघ मुळातच असते. तोडीलाही एकच रेघ वापरली, तर कवीची कोणती आणि तोडीची कोणती याचा आम्हाला अंदाज बांधावा लागेल. कवितेत अंदाज नको.

मं -- गल प -- हाट झा -- ली __
आ -- ई- व -- डील

‘ई’ला चिकटलेली रेघ शब्दाची आहे, ती तशीच छापली जाते. ‘ली’नंतरच्या ‘__’ या खुणेनं (दोन अंडरस्कोर) अक्षर पुढच्या सुरांवर लांबल्याची सरळ रेषा येते, ती फक्त शब्दाच्या शेवटी द्या.

जोडाक्षरांचा प्रश्न खरा अवघड. ‘भक्ती’ गाताना ऐकू येतं भक्, ती; पण तसं लिहिलं तर पानावर पाय मोडका क दिसतो आणि वाचणारा अडखळतो. आम्ही ‘भ -- क्ती’ छापतो. मराठी वाचणाऱ्याला जोडाक्षर अखंडच ओळखीचं वाटतं आणि उच्चार तो बरोबर करतो. तुमच्या गायकांना दुसरी सवय असेल तर कळवा, तसं करू.

वर्डमध्ये आणि आयफोनवर दोन रेघांची आपोआप एक लांब रेघ होते, म्हणून मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्येच पाठवा. गाणं म्यूझस्कोरमध्ये आधीच लिहिलं असेल तर पुन्हा टाइप करू नका. म्यूझिकएक्सएमएल फाइल द्या, म्हणजे वेगवेगळ्या संगीत सॉफ्टवेअरना वाचता येणारी फाइल. त्यात अक्षर शब्दाच्या सुरुवातीचं, मधलं की शेवटचं, याची नोंद असते.