ईएसजी फंड आणि ग्रीन बाँड : पैसा नेमका कुठे जातो?

उन्हाळे अधिकाधिक तापू लागले, तसे ‘माझे पैसे कोळशाच्या धंद्यात नकोत’ असं म्हणणारेही वाढले. असा माणूस गुंतवणुकीची चौकशी करायला गेला की दोन नावं हमखास कानावर पडतात : ईएसजी फंड आणि ग्रीन बाँड. दोन्ही ‘पर्यावरणपूरक’ म्हणूनच सांगितली जातात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं घेतलं तरी चालेल असं वाटतं. तसं नाही.

ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार. या तिन्ही कसोट्यांवर गुण देऊन कंपन्या निवडायच्या, ही या फंडाची रीत. पण गुण देणाऱ्या संस्था बहुतेकदा पाहतात ते, हवामानबदल, खटले किंवा नवे नियम यांमुळे कंपनीच्या नफ्याला किती धोका आहे. कंपनीमुळे पृथ्वीला किती धोका आहे, हा वेगळा प्रश्न झाला. मे २०२२ मध्ये एस अँड पी ५०० ईएसजी निर्देशांकातून, म्हणजे ईएसजी गुणांवर निवडलेल्या बड्या अमेरिकी कंपन्यांच्या यादीतून, विजेच्या गाड्या बनवणारी टेस्ला बाहेर पडली आणि एक्सॉनमोबिल ही तेल कंपनी आत राहिली. टेस्लाचे गुण कापले गेले त्यात कारखान्यातल्या वंशभेदाच्या तक्रारी आणि ऑटोपायलट या चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेशी जोडलेले अपघात हेही होतं. निर्देशांकाच्या नियमांत ते बसतं, पण तापमानवाढीच्या काळजीने पैसे गुंतवणाऱ्याला हे आधी कळायला हवं. आणखी एक : फंड बाजारातून शेअर घेतो तेव्हा पैसे जातात शेअर विकणाऱ्याला. कंपनीच्या तिजोरीत त्यातलं काही पडत नाही.

ग्रीन बाँड म्हणजे गुंतवणूकदाराने दिलेलं कर्ज, आणि त्याचा पैसा ठरलेल्या हरित कामावरच खर्च करायचा असतो. स्वीडनमधल्या पेन्शन फंडांना हवामानाच्या कामात पैसा घालायचा होता, पण जोखीम नको होती. त्यांच्यासाठी जागतिक बँकेने २००८ मध्ये असे रोखे काढले. आपल्याकडचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण इंदूरचं. होळकरांच्या या शहराला नर्मदेचं पाणी जलूदहून पंपाने वर चढवून आणावं लागतं आणि विजेच्या बिलाने पालिका मेटाकुटीला येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर पालिकेने २४४ कोटींचे ग्रीन बाँड सामान्य गुंतवणूकदारांसाठीही खुले केले, ते जलूदलाच ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. मागणी जवळपास सहापट आली. इथे पैसे देणाऱ्याला आपल्या पैशाचं काय होणार, ते गावाच्या नावासकट ठाऊक होतं.

पण ग्रीन बाँड काढणारा स्वतः हरित असेलच, असं नाही. देशात कोळशावर सर्वाधिक वीज बनवणाऱ्या एनटीपीसी या सरकारी कंपनीने २०१६ मध्ये २,००० कोटींचे ग्रीन मसाला बाँड (परदेशात विकले जाणारे रुपयांतले रोखे) काढले आणि ते लंडनच्या शेअर बाजारात नोंदवले. तो पैसा अक्षय ऊर्जेसाठी होता, कंपनीची कोळशाची केंद्रं मात्र चालूच राहिली. मला यात फसवणूक दिसत नाही. कोळशावर चालणारी कंपनीच सौरऊर्जेकडे वळायला हवी, आणि त्यासाठी तिला भांडवल लागणारच.

काळजीपोटी माणूस थोडं कमी व्याज घेतो का? जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारचे पहिले हरित रोखे साध्या सरकारी रोख्यांपेक्षा किंचित कमी व्याजावर खपले. २०२४ मध्ये मात्र गुंतवणूकदार तेवढ्यावर तयार होईनात आणि काही लिलाव फसले.

आपल्या पैशातून प्रकल्प उभा राहावा असं वाटत असेल, तर माझा कौल ग्रीन बाँडला. घेण्याआधी निधीच्या वापराचा तपशील वाचा आणि तो पैसा खरंच तिथे लागला का, याचा अहवाल दरवर्षी मागा. शेअरमध्येच राहायचं असेल, तर ईएसजी फंडाच्या नावावर न जाता त्याची कंपन्यांची यादी उघडा. बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२३ पासून या फंडांना सहा धोरणं आखून दिली आहेत. त्यातलं ‘वगळण्या’चं धोरण ज्या फंडाचं असेल, त्याने काय वगळलंय हे आधी पाहा, कोळसा त्यात असेलच असं नाही.